मोत्याची भोवळ

मराठीत चक्कर येण्यासाठी शब्दांची चांगली चंगळ आहे. घेरी येते, झीट येते, भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, डोके गरगरते. आणि कारण शरीराचे नसून मनाचे असले तर पायांखालची जमीनच सरकते. त्यातला 'भोवळ' हा माझा आवडता शब्द. भोवरा, भोवती, भोवंडणे ही सारी त्याचीच भावंडे. मूळ संस्कृत 'भ्रम्' धातूत, आणि त्या धातूचा पहिला अर्थ नुसता फिरणे एवढाच.

या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील, मास्तरांनी दिवाळी अंकातही व्युत्पत्तीचा तास घेतला. तसे नाही. आज मला सांगायचे आहे ते कुत्र्याविषयी, आणि तेही म्हाताऱ्या कुत्र्याविषयी. पण वर दिलेले सगळे शब्द आपण माणसांसाठी राखून ठेवले आहेत. 'कुत्र्याला भोवळ आली' असे वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही, आणि आमच्या अंबाजोगाईच्या गल्लीत तर कधी ऐकलेही नव्हते. आमच्याकडे कुत्रे एक धडधाकट असते, नाही तर पिसाळलेले. झोकांड्या खाणाऱ्या कुत्र्यासाठी तिसरा शब्द लोकांच्या तोंडी नाही. मग काठी शोधली जाते.

आमचा मोत्या तेरा वर्षांचा. जातीने गावठी, रंगाने गुळाच्या ढेपेसारखा. थोरली मुलगी दुसरीत असताना तिने त्याला दप्तरात घालून घरी आणले; ती आता परगावी शिकायला आहे आणि तिचे दप्तर अजून मोत्याच्या अंथरुणाखाली आहे. गेल्या श्रावणात एके दिवशी सकाळी हा उठायला गेला आणि डावीकडे कलंडला. पुन्हा उठला, पुन्हा कलंडला. मग भिंतीला अंग टेकून चार पावले गेला आणि ओकला. मान डाव्या खांद्याकडे वाकडी झालेली, चारी पाय फाकलेले, आणि डोळे? ते एका जागी ठरेनात. आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या माणसाचे डोळे जसे सटासट बाजूला सरकत राहतात, तसे ते सरकत होते. रात्री हाच कुत्रा भाकरी-दूध खाऊन नेहमीसारखा ओट्यावर निजला होता.

दहा मिनिटांत फाटकाशी माणसे जमली. "सर, कुत्रं पिसाळलंय तुमचं. इथं लेकरं खेळतेत," एकजण म्हणाला. त्याच्या हातात काठी होती. ती त्याने पाठीमागे धरली होती हे त्याच्या सभ्यपणाचे लक्षण. शेजारचे निवृत्त गृहस्थ जास्त कनवाळू. ते म्हणाले, "तेरा वर्षं म्हणजे पुष्कळ झालं हो. पक्षाघात आहे हा. डॉक्टरला बोलवा आणि सुई देऊन मोकळं करा बिचाऱ्याला." दोघांचे म्हणणे शेवटी एकाच ठिकाणी जात होते.

हा सगळा गलका ऐकून आई भिंतीला धरत धरत बाहेर आली. तिचे वय ब्याऐंशी. तिने मोत्याकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "अरे, याला घेरी आलीय. डोळे बघ की कसे पळतायत. माझेही असेच पळत होते म्हणून तो कानाचा डॉक्टर म्हणाला नव्हता का?"

आईला पाच वर्षांपूर्वी चकरा सुरू झाल्या होत्या. कूस बदलली की खाट उलटते असे तिला वाटे. कानाच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर निजवले, मान एका विशिष्ट रीतीने वळवून थोडा थोडा वेळ तशीच धरली आणि उठवून बसवले. दोन खेपांत चकरा गेल्या. जॉन एप्ले नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची ही युक्ती. कानाच्या आतल्या भागात चुन्याचे बारीक कण असतात. ते जागा सोडून भलत्या नळीत गेले की माणसाला घेरी येते, आणि मान वळवून ते जागेवर परत आणता येतात. मोत्याचा आजार त्याहून निराळा निघाला. मान वळवून तो बरा होणारा नव्हता. पण आईने जे ओळखले ते बरोबर होते. बिघाड कानात होता, आणि मोत्याला जग फिरताना दिसत होते.

आमच्या गावचे पशुवैद्य मुख्यतः बैल-म्हशींचे. बीड हा ऊसतोडणी कामगारांचा जिल्हा. दसरा सरला की लाखो माणसे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पुष्कळांबरोबर त्यांचे बैलही जातात, म्हणून बैलांची दुखणी इथे आधी पाहिली जातात. ते रास्तच आहे. तरी हे डॉक्टर आले. त्यांनी पहिल्यांदा विचारले ते मोत्याच्या लसीचे कार्ड. ते पाहून झाल्यावर दोन्ही कानांत बत्तीने पाहिले. मग डोळ्यांकडे बराच वेळ नुसते बघत राहिले. मग एकेका पायाचा पंजा उलटा वळवून जमिनीवर टेकवला आणि मोत्या तो आपोआप सरळ करतो की नाही हे पाहिले. मोत्या करत होता. उठून हात पुसत ते म्हणाले, "तीन दिवस थांबा. आज काही ठरवू नका."

वाचकहो, या लेखात मला सांगण्यासारखे जे आहे ते बहुतेक त्यांच्या या दोन वाक्यांत आले. म्हाताऱ्या कुत्र्यांना अशी एकाएकी येणारी भोवळ जगभर पशुवैद्यांच्या परिचयाची आहे. इंग्रजीत तिला 'ओल्ड डॉग व्हेस्टिब्युलर डिसीज' म्हणतात. पुष्कळदा तिचे कारण सापडत नाही. तेव्हा डॉक्टर तिला 'इडिओपॅथिक' म्हणतात. कारण ठाऊक नाही हे सांगण्याची ही ग्रीक तऱ्हा. पहिला दिवस भयंकर दिसतो, दुसराही फारसा बरा नसतो, आणि साधारण बहात्तर तासांच्या आत उतार पडू लागतो. डोळ्यांचे पळणे आधी थांबते. चाल आठवड्या-दोन आठवड्यांत पुष्कळशी सुधारते. म्हणजे सगळ्यात वाईट चित्र पहिल्याच दिवशी दिसते, आणि नेमके त्याच दिवशी घरचे लोक पक्षाघात समजून सुईचा निर्णय घेऊन बसतात. दयेपोटी घेतात, हे खरे. पण आणखी तीन दिवसांनी जो कुत्रा आपल्या पायांनी अंगणात जाणार होता, तो गेलेला असतो.

आता हे होते कसे? प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोके हलले की द्रव मागे रेंगाळतो, त्याने आतले केसासारखे तंतू वाकतात, आणि डोके कुठे वळले याची वर्दी मेंदूला जाते. शिवाय डोके स्वस्थ असतानाही दोन्ही कान सारख्या जोराने सारखी वर्दी देत असतात. बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बैल सारखे ओढतात तोवर गाडी सरळ चालते. एकाने अंग काढून घेतले की दुसरा कितीही गुणी असला तरी गाडी वळते. डावा कान गप्प झाला की उजव्याची एकट्याची वर्दी मेंदूत पोचते, आणि स्वस्थ पडलेल्या कुत्र्याला आपण गरगर फिरतो आहोत असे वाटते. मान आणि अंग बहुधा बिघडलेल्या कानाकडे कलते. पळणारे डोळे त्या फिरत्या जगाला धरू पाहत असतात.

या विद्येचे एक मोठे नाव रॉबर्ट बाराणी. व्हिएन्नाच्या या कानाच्या डॉक्टराच्या ध्यानात आले की रोग्याच्या कानात थंड पाणी सोडले तर डोळे एका दिशेला पळतात आणि गरम सोडले तर उलट्या दिशेला. त्यावरून त्याने तोल तपासण्याची रीत बसवली. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्याला जाहीर झाले तेव्हा तो रशियनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता. जगाचा तोल गेलेला असताना तोलाच्या अभ्यासाला बक्षीस मिळाले, असे मी वर्गात सांगतो. मुले हसत नाहीत.

पिसाळण्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फाटकाशी काठी घेऊन आलेल्या माणसाला मी मूर्ख म्हणणार नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय नाही, आणि ते भय गावाने अनुभवाने मिळवलेले आहे. पिसाळलेला कुत्राही झोकांड्या खातो. पण त्याचा स्वभाव पालटलेला असतो, भुंकणे घोगरे होते, खालचा जबडा लोंबतो, गिळता न आल्यामुळे लाळ गळते. आणि तो उत्तरोत्तर खंगत जाऊन सामान्यतः दहा दिवसांच्या आत मरतो. मोत्या आपल्या नावाला कान टवकारत होता, हात चाटत होता, आणि दर वर्षीची लस त्याला वेळेवर दिलेली होती. त्या कार्डाच्या जोरावरच डॉक्टरांनी त्याच्या तोंडाजवळ हात नेला. कुत्रे अनोळखी असेल, लस टोचलेली नसेल, तर लेख वाचून कोणी धीटपणा करू नये. लांबूनच दार लावून घ्यावे आणि पशुवैद्याला बोलवावे. चावा बसला, नखाचा ओरखडा उठला किंवा जखमेला लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-तिखट भरून घरी बसू नये. आणि काठी? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे; नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी खटपट केली होती. दासोपंतांची समाधी आमच्याच गावात आहे. दासोपंत दत्ताचे उपासक, आणि दत्ताच्या पायांशी चार कुत्री असतात. त्या तसबिरीला हार घालून येणारी माणसेच आमच्या फाटकाशी उभी होती. असो.

तीन दिवस थांबायचे म्हणजे काय करायचे, हे मला आईनेच शिकवले. पहिली गोष्ट तिने सांगितली ती ही : "त्याला एकदम उचलू नका. मला कुणी झटकन उठवलं की विहिरीत पडल्यासारखं होतं." म्हणून मोत्याला हलवायचे तर आधी समोरून जाऊन हाक मारायची, मग एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली घालून, अंगाशी घट्ट धरून, आडवाच, सावकाश. भेदरलेले गरीब कुत्रेही अशा वेळी चटकन तोंड टाकते, म्हणून मुलांना दूर ठेवले.

दुसरी गोष्ट दिव्याची. पहिल्या रात्री दिवा मालवल्याबरोबर मोत्या केकाटू लागला. आई अंथरुणातून म्हणाली, "दिवा राहू दे रे. अंधारात भिंत कुठं आहे तेच कळत नाही." तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. तोल सांभाळायला शरीराकडे तीन साधने असतात : कान, डोळे, आणि पायांना होणारा जमिनीचा स्पर्श. कान फितूर झाला की उरलेल्या दोघांवर भार पडतो. म्हणून रात्रभर मंद दिवा हवा, आणि पायांखाली खरबरीत काही हवे. आमच्या घरात शहाबादी फरशी. घासून घासून ती इतकी गुळगुळीत झाली आहे की पाहुणेही घसरतात. तिच्यावर सतरंजी, जुनी पोती, पायपुसणी, जे मिळेल ते अंथरले. अंगणातल्या हौदावर फळी टाकली, जिन्याच्या तोंडाशी खुर्ची आडवी केली. घरातले सामान मात्र जिथल्या तिथे ठेवले; आंधळ्याच्या घरातले फर्निचर हलवू नये, तसेच हे.

खाण्या-पिण्याचे हाल दोन दिवस झाले. फिरत्या जगात वाटी गाठणे सोपे नसते. मोत्या तोंड खाली नेई, ते वाटीच्या बाजूला पडे, आणि तो खजील होऊन मान फिरवी. शेवटी वाटी हातात धरून त्याच्या छातीच्या उंचीवर आणली, तेव्हा त्याने पाणी लपालपा प्यायले. भात दुधात कालवून त्याचे लहान लहान घास हाताने भरवले; कुत्रा बसता असतानाच भरवायचे, आडवा असताना नाही, नाही तर घास श्वासनळीत जाण्याची भीती. पाणी बळेच घशात ओतू नये. ओकाऱ्या थांबत नसतील, दिवसभरात पाणी पोटात टिकत नसेल, तर डॉक्टर सलाईन लावतात आणि ओकारी थांबवण्याचे औषध देतात. आमच्या डॉक्टरांनी तेवढेच औषध दिले. या भोवळीवर खास असे औषध नाही, ती मेंदूनेच सावरायची असते. एका बैलावर गाडी सरळ कशी हाकायची हे मेंदू हळूहळू शिकतो. आपल्या कपाटातली गोळी मात्र देऊ नये. तापाची पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

लघवीला नेणे हा सर्वांत मोठा समारंभ. आईच्या जुन्या नऊवारी लुगड्याची लांब घडी करून ती मोत्याच्या पोटाखालून घेतली आणि दोन्ही टोके वर धरली. असा झोळीत तोललेला कुत्रा अंगणात नेताना आमचे रूप काय दिसत असेल ते असो, पण काम चोख झाले. आडवे पडलेले कुत्रे दर काही तासांनी कुशीवर वळवावे लागते, अंथरूण ओले झाले तर लगेच बदलावे लागते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज थोडे थोडे चालवावे. पडून राहण्यापेक्षा चालण्याने मेंदू लवकर शिकतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोत्या ओट्यापासून तुळशीपर्यंत, थोडा वाकडा पण आपला आपण, चालत गेला आणि तिथे बसून त्याने गल्लीकडे पाहून एकदा भुंकून घेतले. फाटकावरून जाणारा काठीवाला गृहस्थ थांबला. "बरं झालं की हो!" असे म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरून मोत्यासाठी ताजी भाकरी आली.

सगळ्याच गोष्टी अशा गोड होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. भोवळीचे कारण कधी मधल्या किंवा आतल्या कानातला पू असतो. कानाला वास येतो, कुत्रे कान झटकते, हात लावू देत नाही. त्याला प्रतिजैविक औषधे कित्येक आठवडे द्यावी लागतात. अशा कानात गरम तेल, लसणीचे तेल, कुणी सांगितलेले थेंब घालण्याची आपल्याकडे फार हौस. कानाचा पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिनसारखे नेहमीचे औषधही आतल्या तोलाच्या यंत्रालाच मारते. म्हणून बत्तीने पडदा पाहिल्याशिवाय कानात काही घालू नये. कधी थायरॉइडची ग्रंथी मंदावलेली असते. ते रक्त तपासून कळते. आणि कधी खरोखरच मेंदूत गाठ असते किंवा रक्ताची गुठळी. डोळे आडवे पळण्याऐवजी वर-खाली पळत असतील, कुत्रे गुंगीत असेल, एका बाजूचे पाय लुळे पडले असतील, उलटा केलेला पंजा सरळ होत नसेल, किंवा चार दिवसांनंतर उतार पडण्याऐवजी चढच होत असेल, तर मोठ्या ठिकाणी न्यावे. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना परभणी आणि उदगीर इथली पशुवैद्यक महाविद्यालये त्यातल्या त्यात जवळ. तिथेही कधी कधी सुईचाच सल्ला मिळेल, आणि तो नीट तपासून दिलेला असेल तेव्हा तो ऐकावा. माझे भांडण फक्त पहिल्या सकाळच्या घाईशी आहे.

मोत्याची मान थोडी डावीकडे कललेली राहिली आहे ती राहिलीच. पुष्कळांची राहते, त्याने दुखत नाही. वळताना तो अजून दाराच्या चौकटीला खांदा घासतो. अशी भोवळ पुन्हाही येऊ शकते, म्हणून सतरंज्या आम्ही अजून उचललेल्या नाहीत.

आता दिवाळीचे. नेपाळात या सणाच्या दिवसांत 'कुकुर तिहार' असतो. त्या दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा लावून गळ्यात झेंडूची माळ घालतात. आपल्याकडे वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, कुत्र्याच्या वाट्याला ॲटमबाँब येतात. तोल गेलेले म्हातारे कुत्रे आवाजाने बिथरून धावले तर जिन्यावरून, गच्चीवरून पडते, नाही तर हरवते. या चार दिवसांत फिरवून आणायचे ते उजेडीच आणावे. अंधार पडला की आतल्या खोलीत, दारे-खिडक्या लावून, दिवा आणि पंखा चालू ठेवून, जवळ कुणी तरी बसावे. गळ्यातल्या पट्ट्यावर फोनचा नंबर लिहावा. अभ्यंगस्नानाच्या उत्साहात मुले कुत्र्यालाही न्हाऊ घालतात. घालू द्यावे, पण कानात पाणी जाऊ देऊ नये. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मोत्याजवळ बसण्याची पाळी आमच्याकडे आईने आधीच मागून घेतली आहे. फटाक्यांनी तिलाही गरगरते.